गरज कोणत्या वर्षाची? : अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट आणि चाहत्यांचा वाद

अमेरिकेत 'फुटबॉल' या नावाने जो खेळ ओळखला जातो, तो लांबट चेंडू हाताने फेकत, झेलत आणि छातीशी धरून पळत खेळला जातो. त्या खेळाच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग अथवा एनएफएलमध्ये, 32 संघ आहेत, आणि महाविद्यालयीन मैदानांवरून दरवर्षी बाहेर पडणारे नवे खेळाडू या संघांत ज्या पद्धतीने वाटले जातात तिला 'ड्राफ्ट' म्हणतात. आयपीएलच्या लिलावाची सवय झालेल्या वाचकाने येथे एक फरक आधीच ध्यानात घेतलेला बरा. लिलावात खेळाडूचा भाव बोलीने ठरतो. ड्राफ्टमध्ये बोली नसतेच, असतो तो केवळ निवडीचा क्रम, आणि तो क्रमही उलटा असतो, म्हणजे गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला तो सर्वांत आधी निवडतो आणि विजेता संघ सर्वांत शेवटी. अशा सात फेऱ्या एप्रिलच्या अखेरीस तीन दिवसांत होतात. निवडला गेलेला खेळाडू त्या एकाच संघाशी करार करू शकतो, मात्र संघांना आपल्या निवडीचे हक्क, अगदी पुढील वर्षांचेसुद्धा, एकमेकांना देता-घेता येतात. भारतीय फुटबॉललाही ही रीत अगदीच परकी नाही. 2017 मध्ये इंडियन सुपर लीगने भारतीय खेळाडूंची वाटणी मुंबईत ड्राफ्ट भरवूनच केली होती.

या व्यवस्थेचा जनक बर्ट बेल हा फिलाडेल्फिया ईगल्स संघाचा मालक होता. चांगले खेळाडू नेहमी श्रीमंत संघांकडे जातात आणि गरीब संघ कायम हरत राहतात, त्यामुळे शेवटी सगळ्यांचाच धंदा बसतो, असे त्याने 1935 मध्ये इतर मालकांना पटवले आणि 8 फेब्रुवारी 1936 रोजी फिलाडेल्फियातील रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. त्याचा स्वतःचाच संघ त्या हंगामात तळाला होता, त्यामुळे समतेच्या या तत्त्वाचा पहिला लाभार्थीही तोच ठरणार होता, ही गोष्ट इतिहासकार सहसा हसत हसत सांगतात. नियतीने मात्र त्याला तो लाभ दिला नाही, कारण पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला जे बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. चार भिंतींआड उरकला जाणारा हा कारभार 1980 पासून ईएसपीएन वाहिनीने दूरचित्रवाणीवर आणला. ज्यात एकही चेंडू फेकला जात नाही अशा प्रसंगासाठी 2024 मध्ये डेट्रॉइट शहरात तीन दिवसांत पावणेआठ लाखांच्या घरात हजेरी लागली, यावरून चाहत्यांचे या वाटणीत किती मन गुंतलेले असते हे दिसते.

मन गुंतण्याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. प्रत्येक संघाच्या हंगामी पटावर 53 खेळाडू असतात आणि त्यांची कामे क्रिकेटमधील कामांपेक्षा कितीतरी अधिक काटेकोरपणे वाटलेली असतात. आक्रमणाच्या वेळी चेंडू कुणाकडे द्यायचा अथवा फेकायचा हे ठरवणारा क्वार्टरबॅक, धावत जाऊन तो चेंडू झेलणारे रिसीव्हर, चेंडू घेऊन गर्दीतून घुसणारा रनिंग बॅक आणि या सर्वांच्या पुढे भिंत होऊन उभे राहणारे सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे पाच लाइनमन, यांतील कुणी सहसा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, आणि बचावाच्या वेळी तर हे अकराच्या अकरा बाहेर जाऊन वेगळेच अकरा मैदानात येतात. साहजिकच संघाच्या पटात भोक पडले की ते चाहत्याला लांबूनही दिसते. त्यातच मार्चमध्ये करार संपलेल्या खेळाडूंची मुक्त खरेदी होते, त्यात कोण गेला आणि कोण आला हे कळते, आणि उरलेल्या भोकांची यादी हातात घेऊन चाहता एप्रिलची वाट पाहत बसतो. मधल्या काळात प्रत्येक संघ कुणाला निवडेल याचे अंदाज बांधले जातात, त्यांना 'मॉक ड्राफ्ट' म्हणजे लुटुपुटीचा ड्राफ्ट म्हणतात, आणि त्यांचे पीक अमाप येते.

या वादात दोन पक्ष असतात. पहिला पक्ष गरजेचा, त्याच्या मते जी जागा दुबळी आहे ती आधी भरावी. दुसरा पक्ष गुणवत्तेचा, त्याचे घोषवाक्य 'बेस्ट प्लेयर अव्हेलेबल' असे असून, आपला क्रमांक येईल तेव्हा शिल्लक असलेल्यांपैकी सर्वोत्तम खेळाडू घ्यावा, मग त्याची जागा आपल्याकडे भरलेली का असेना, असे तो म्हणतो. गरजेपोटी एखाद्याला त्याच्या योग्यतेपेक्षा फार वर उचलले तर त्या निवडीला 'रीच' म्हणून नाक मुरडले जाते, उलट मोठा मोहरा खालच्या क्रमांकावर हाती लागला तर तो 'स्टील', म्हणजे जवळजवळ चोरीचा माल, आणि गाजावाजा करून घेतलेला खेळाडू पुढे फुसका निघाला तर तो 'बस्ट'. दुसऱ्या पक्षाच्या बाजूने भारतीय वाचकाला एक घरचाच दाखला देता येईल. आयपीएलच्या पहिल्या वर्षी, 2008 मध्ये, एकोणीस वर्षांखालील भारतीय खेळाडू लिलावाने नव्हे तर ड्राफ्टने वाटले गेले. त्या वेळी सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स आणि धवन असे फलंदाज पदरी असलेल्या दिल्लीने विराट कोहली हा दिल्लीचाच मुलगा समोर असताना प्रदीप संगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला, आणि कोहली बंगळूरूला गेला. पटाकडे पाहून केलेली ती निवड त्या दिवशी मुळीच चुकीची वाटण्यासारखी नव्हती.

तरीही 'सर्वोत्तम' म्हणजे काय, हे त्या पक्षालाही सोपेपणाने सांगता येत नाही, कारण सगळ्या जागांचे मोल सारखे नसते. क्वार्टरबॅक चांगला नसेल तर बाकीच्यांचे कसब वाया जाते, म्हणून मध्यम प्रतीचा क्वार्टरबॅकही पुष्कळदा उत्तम रनिंग बॅकच्या आधी उचलला जातो. हा हिशेब चाहत्यांच्या गळी उतरायला वेळ लागला. 1999 मध्ये रिकी विल्यम्स हा रनिंग बॅक आपल्याला हवा असा फिलाडेल्फियाच्या चाहत्यांचा धोशा होता. संघाने दुसऱ्या क्रमांकावर डॉनोव्हन मॅकनॅब हा क्वार्टरबॅक घेताच न्यूयॉर्कच्या सभागृहात जमलेल्या ईगल्सच्या चाहत्यांनी आपल्याच संघाच्या नव्या खेळाडूची हुर्यो उडवली. त्या विल्यम्ससाठी न्यू ऑर्लिन्स सेंट्सने आपल्या त्या वर्षीच्या सर्व निवडी आणि शिवाय पुढील वर्षीची पहिली व तिसरी फेरी देऊन टाकली, आणि त्या हंगामात सोळापैकी तीनच सामने जिंकले. मॅकनॅबने पुढे ईगल्सला सलग चार वर्षे परिषदेच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोल या लीगच्या अजिंक्यपदाच्या सामन्याच्या आधीच्या पायरीपर्यंत, नेले.

निवडींच्या देवघेवीत कुठल्या क्रमांकाची किंमत किती, याला पूर्वी काही मोजमाप नव्हते. 1990 च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघाने एक कोष्टक तयार केले. ते प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या नावाने प्रसिद्ध असले तरी आकडेमोड माइक मकॉय या संघाच्या भागीदाराची होती. त्यात पहिल्या क्रमांकाला 3000 गुण, दुसऱ्याला 2600, सोळाव्याला 1000 आणि बत्तिसाव्याला 590 अशी उतरंड आहे, आणि बाजारात चालते म्हणून इतर संघांनीही ती थोड्याफार फरकाने स्वीकारली. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी (थेलर यांना पुढे 2017 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) ही उतरंड खऱ्या कामगिरीशी ताडून पाहिली, तेव्हा असे दिसले की वरच्या क्रमांकांसाठी संघ वाजवीपेक्षा फार जास्त मोजतात, कारण आपल्याला माणूस पारखता येतो हा त्यांचा विश्वास वस्तुस्थितीपेक्षा मोठा असतो. एकाच जागेवरचे लागोपाठ निवडले गेलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला अधिक चांगला ठरण्याची शक्यता त्यांच्या हिशेबात सुमारे 52 टक्के निघाली. नाणेफेकीपेक्षा दोनच टक्के जास्त! ज्या निवड-अधिकाऱ्यांच्या हाताशी वर्षभर देश पालथा घालणारे पारखी, इंडियानापोलिसमध्ये भरणारी शारीरिक चाचण्यांची जत्रा आणि शेकडो तासांचे चित्रीकरण असते, त्यांची ही गत असेल, तर घरबसल्या वाद घालणाऱ्या चाहत्याला अडाणी ठरवताना जरा हात आखडता घ्यावा लागतो.

या साऱ्या वादाचे सर्वांत खोल आणि सर्वांत लांबलेले रूप पाहायचे तर विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावाकडे वळावे लागते. जेमतेम एक लाखाहून थोड्या अधिक वस्तीचे हे शहर, पण 1919 मध्ये स्थापन झालेला ग्रीन बे पॅकर्स हा त्याचा संघ कुणा धनाढ्याच्या मालकीचा नसून पाच लाखांहून अधिक भागधारकांच्या मालकीचा आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते बाजारात विकताही येत नाहीत, त्यामुळे ही मालकी म्हणजे देवस्थानाच्या वर्गणीच्या पावतीसारखी श्रद्धेची गोष्ट आहे. खेळाडू निवडण्याचा अधिकार पगारी सरव्यवस्थापकाकडेच असतो. भिंतीवर चौकटीत लावलेले भागपत्र आणि मनात घोळत असलेली निवड यांचा एकमेकांशी काही संबंध नसला, तरी 'आपला संघ' हे शब्द तेथे जरा निराळ्या जोराने उच्चारले जातात.

ग्रीन बेच्या चाहत्यांची स्मृती 1989 पासून पोळलेली आहे. त्या वर्षी पॅकर्सने दुसऱ्या क्रमांकावर टोनी मँडरिच हा प्रचंड देहाचा लाइनमन घेतला, ज्याच्यासारखा त्या जागेवर पूर्वी कुणी झाला नाही असा तेव्हा बोलबाला होता, आणि तो चार वर्षांतच संघाबाहेर गेला. उलट त्या ड्राफ्टमध्ये पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या क्रमांकांवर गेलेले ट्रॉय एकमन, बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस आणि डीऑन सँडर्स हे चौघेही पुढे या खेळाच्या सन्मान-दालनात पोहोचले. ही चूक गरजेपायी झालेली नव्हती, ती गुणवत्तेच्या अंदाजातलीच चूक होती, आणि 'सर्वोत्तम घ्या' म्हणणाऱ्यांना ती आजही अडचणीची वाटते.

पुढे 2005 मध्ये ब्रेट फार्व हा पस्तिशीचा नामांकित क्वार्टरबॅक संघात भक्कमपणे उभा असताना नवे सरव्यवस्थापक टेड थॉम्पसन यांनी चोविसाव्या क्रमांकावर ॲरन रॉजर्स हा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. रॉजर्स कदाचित पहिल्याच क्रमांकावर जाईल अशी चर्चा होती. त्याऐवजी सॅन फ्रान्सिस्कोने ॲलेक्स स्मिथला घेतले आणि त्यानंतर बावीस निवडी होईपर्यंत कुणी क्वार्टरबॅककडे पाहिलेच नाही. गरजेच्या दृष्टीने ग्रीन बेला त्या जागेवर माणूस नकोच होता. रॉजर्स तीन हंगाम बसून राहिला, 2008 मध्ये फार्वने निवृत्ती जाहीर करून मग ती मागे घेतली, संघाने त्याला न्यूयॉर्क जेट्सकडे धाडले, आणि चाहत्यांत उभी फूट पडली. रॉजर्सच्या पहिल्या हंगामात संघ सोळापैकी दहा सामने हरला तेव्हा फार्वच्या बाजूचे लोक आवाज चढवून बोलत होते. फेब्रुवारी 2011 मध्ये त्याच रॉजर्सने पिट्सबर्गला 31-25 असे हरवून संघाला अजिंक्यपद मिळवून दिले, आणि तो आवाज थांबला.

याच काळात दुसरा एक वाद तेथे मुरत गेला, तो रिसीव्हरचा. पॅकर्सने पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला तो 2002 मध्ये, आणि त्यानंतर वर्षामागून वर्षे घेतलाच नाही. चाहते दर एप्रिलला तो मागत राहिले आणि व्यवस्थापन दुसऱ्या फेरीतून ती उणीव भरत राहिले: 2006 मध्ये ग्रेग जेनिंग्ज, 2008 मध्ये जॉर्डी नेल्सन, 2011 मध्ये रँडल कॉब, 2014 मध्ये डेव्हांटे ॲडम्स. हे चौघेही नावारूपाला आले, त्यामुळे तक्रारीला धार राहिली नाही, पण ती संपलीही नाही.

ती खऱ्या अर्थाने उसळली 2020 मध्ये. आदल्या हंगामात पॅकर्सने सोळापैकी तेरा सामने जिंकले होते आणि सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे सॅन फ्रान्सिस्कोकडून 37-20 असा मार खाल्ला होता. रॉजर्स 36 वर्षांचा झाला होता, ॲडम्सखेरीज भरवशाचा रिसीव्हर नव्हता, आणि त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये तर रिसीव्हरांची रेलचेल होती. अशा वेळी सरव्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट यांनी चौथ्या फेरीतील एक निवड मायामीला देऊन तिसाव्या क्रमांकावरून सव्विसावा क्रमांक मिळवला आणि त्यावर यूटा स्टेट विद्यापीठाचा जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. डॅलसच्या त्या जुन्या कोष्टकाप्रमाणे या दोन क्रमांकांत 80 गुणांचे अंतर होते आणि दिलेल्या निवडीची किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास होती, तेव्हा व्यवहार म्हणून तो स्वस्तातच पडला. पण चाहत्यांचा राग व्यवहारावर नव्हता. पहिल्या फेरीतील सहाही रिसीव्हर पहिल्या पंचवीस क्रमांकांतच संपले होते, त्यामुळे 'लव्हऐवजी रिसीव्हर' हा पर्याय त्या क्षणी दिसतो तितका सरळ नव्हता, हे खरे. मात्र पुढच्या कुठल्याही फेरीत एकही रिसीव्हर घेतला गेला नाही, याचे समर्थन व्यवस्थापनाच्या बाजूच्यांनाही जड गेले.

व्यवस्थापनाचे पाठीराखे 2005 कडे बोट दाखवत होते, आणि येथेच वादातला खरा बारकावा होता. या दोन निवडींच्या मधे नियम बदलले होते. प्रत्येक संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा असते, तिला 'सॅलरी कॅप' म्हणतात, आणि ती 2020 मध्ये 19 कोटी 82 लाख डॉलर होती. त्या मर्यादेत नव्या खेळाडूला किती द्यायचे हे 2011 पर्यंत वाटाघाटींनी ठरे. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7 कोटी 80 लाख डॉलरचा करार मिळाला. 2011 च्या सामूहिक कराराने नवोदितांचे वेतन क्रमांकानुसार बांधून टाकले आणि त्याच पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे सुमारे 2 कोटी 20 लाख मिळाले. म्हणजे नव्या व्यवस्थेत चांगल्या क्वार्टरबॅकची पहिली चार वर्षे ही संघासाठी जवळजवळ फुकटात मिळालेली चैन असते, कारण वाचलेल्या पैशात इतर जागा भरता येतात. लव्हला तीन वर्षे बाकावर बसवणे म्हणजे ही स्वस्ताईच जाळून टाकणे होते, आणि 2005 मधील तीच कृती इतकी महाग पडली नव्हती. हा मुद्दा मांडणारे चाहते होते, आणि अभ्यासकांच्या लेखांत शोभावा इतका तो नेमका होता.

पुढे घडले ते दोन्ही पक्षांना पुरून उरणारे. डिवचला गेलेला रॉजर्स 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण जानेवारी 2021 मध्ये संघ पुन्हा त्याच पायरीवर टॅम्पा बेकडून 31-26 असा हरला. टॅम्पाचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी होता, ज्याला 2000 मध्ये 199 व्या क्रमांकापर्यंत कुणी विचारले नव्हते. आणखी एक चांगला रिसीव्हर असता तर तो सामना हातचा गेला नसता, असे म्हणणाऱ्याला खोडून काढण्याचा मार्ग नाही, तसेच ते सिद्ध करण्याचाही नाही. 2023 मध्ये रॉजर्स जेट्सकडे गेला, लव्ह मैदानात उतरला, आणि पहिल्या फेरीतला एकही रिसीव्हर हाताशी नसताना त्याने जानेवारी 2024 मध्ये डॅलसला त्यांच्या मैदानावर 48-32 असे हरवले. पुढच्याच आठवड्यात पॅकर्सना 24-21 असे रोखणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोची कथा तर याहून विचित्र: त्या संघाने 2021 मध्ये तीन पहिल्या फेऱ्या खर्चून ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला होता, आणि त्यांच्या बाजूने खेळत होता तो मात्र 2022 च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत शेवटी, 262 व्या क्रमांकावर निवडलेला ब्रॉक पर्डी. 2024 च्या उन्हाळ्यात लव्हला वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलरचा करार मिळाला आणि स्वस्ताईचा प्रश्न निकाली निघाला.

गरज हा शब्द चाहता आणि व्यवस्थापक दोघेही वापरतात, पण चाहत्याची गरज येत्या सप्टेंबरची असते आणि व्यवस्थापकाची तीन वर्षांनंतरची, हे ग्रीन बेच्या या वीस वर्षांत जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच दिसते. चाहत्याची घाई मूर्खपणाची म्हणता येत नाही. रॉजर्ससारख्याची उरलेली वर्षे मोजकी असतात आणि तीन वर्षांनंतरचा हिशेब मांडणारा अधिकारीच पुष्कळदा तोवर नोकरीवर राहिलेला नसतो. उलट आजच्या भोकावर ठिगळ लावणारा संघ दर वर्षी नवे भोक शोधत राहतो, हेही तितकेच खरे आहे.

एप्रिल 2025 मध्ये ड्राफ्ट प्रथमच ग्रीन बेमध्ये, लँबो फील्ड या पॅकर्सच्या मैदानालगत, भरला. यजमान संघाचा तेविसावा क्रमांक आला तेव्हा टेक्सास विद्यापीठाच्या मॅथ्यू गोल्डनचे नाव पुकारले गेले. तो रिसीव्हर होता, तेवीस वर्षांतला पहिल्या फेरीतला पहिला, आणि तेथे उभ्या असलेल्या जमावाने एकच गजर केला. तिसऱ्या फेरीत आणखी एक रिसीव्हर आला. त्यानंतर चार महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस, पॅकर्सने डॅलसकडून मायका पार्सन्स हा बचावातला धिप्पाड खेळाडू मिळवला आणि त्याच्या बदल्यात अनुभवी लाइनमन केनी क्लार्क याच्यासह 2026 आणि 2027 या दोन्ही वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी देऊन टाकल्या. तीन वर्षांनंतरचा हिशेब मांडणारे व्यवस्थापन या खेपेस चाहत्यांच्याच सप्टेंबरवर डाव लावून बसले, आणि वादासाठी उरली ती दुसरी फेरी, जिच्यातून जेनिंग्ज, नेल्सन, कॉब आणि ॲडम्स आले होते.